गळ्यातलं बटण

४ मार्च

प्रिय काडी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहिण्यासारखं होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं, आणि दुसरं काही लिहायला घेतलं की पेन अडायचं. शाळेत रविवारी दुपारी सिस्टर आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या आणि पाकीट चिकटवण्याआधी स्वतः वाचून बघायच्या. तेव्हापासून आपल्या दोघींना खरं सोडून बाकी सगळं सुरेख लिहिता येतं. आज खरं लिहिते.

मी एक वेडेपणा करून बसले आहे. हसलीस तरी चालेल, पण कुणाला सांगू नकोस.

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मी भांडी घासत होते. आवाज इतका आर्जवी, इतका मायेचा, की ओल्या हातानं धरलेला फोन मी पुढे खुर्चीवर बसून दुसऱ्या कानाला लावला. दोन दिवसांनी दारात एक गृहस्थ उभे. हातात बॅग, पायात चकचकीत बूट. पायपुसण्यावर ते बूट इतके मन लावून पुसले की मला त्यांच्या आईचं कौतुक वाटलं. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, हे आपल्याला पट्टी मारून शिकवलेलं. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत टेबलावर कागद मांडून झाले होते. चहा पिऊन होईपर्यंत माझ्या गळ्यात बटण होतं.

खरंच बटण गं. लाल, प्लास्टिकचं, दोरीत ओवलेलं. पडलं-झडलं तर दाबायचं. भिंतीवर एक पेटी बसवली आहे, तिच्यातून बाई बोलते आणि मदत पाठवते. वर्गणी दरमहा बँकेतून आपोआप जाते, आणि पाच वर्षं ती थांबवता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी सही केल्यावर वाचलं. मी! जिला मदर सगळ्या वर्गासमोर उभी करून म्हणायच्या, ‘हिच्यासारखं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला शिका.’

चाचणी म्हणून एकदा दाबून पाहिलं. पेटी म्हणाली, ‘आपण रांगेत आहात, कृपया थांबा.’ पडलेल्या माणसानं रांगेत कसं थांबायचं? आडवं होऊनच, नाही का!

आता ते बटण साखरेच्या डब्यामागे आहे. शेजारीण आली की पेटीवर टॉवेल टाकते. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून लाज वाटते. चिरंजिवांना कळलं तर म्हणतील, ‘आई, आता तुला एकटीला ठेवण्यात अर्थ नाही.’ आणि मग हे घर, ही खिडकी, सगळं संपलं.

एक विचारू? तू माझ्याबद्दल कुणाशी बोलतेस का गं? सहज विचारते.

तुझी,
मुंगी

*

९ मार्च

मुंगे, मुंगे, मुंगे!

काय म्हणावं तुला! बाजारात कोथिंबिरीची जुडी सात वेळा उलटीपालटी करणारी तू, आणि बुटाला भुललीस? अगं, असल्या लोकांचे बूटच चांगले असतात. बाकी सगळं भाड्याचं.

पण लाज तू का वाटून घेतेस? लाज त्यांना वाटायला हवी. म्हाताऱ्या बाईच्या घरात शिरून, तिचा चहा पिऊन तिच्याच गळ्यात दोरी अडकवायची! तू तक्रार कर. त्या गोडबोलीचं नाव शोधून काढ आणि लिहून दे. नोकरी गेली पाहिजे तिची. असल्या मुलींना आई-बाप शिकवतात तरी काय!

आणि ऐक, कायदा तुझ्या बाजूचा आहे. हे माझं ज्ञान नाही, आमच्या सूनबाईचं. रात्री जेवताना मी तिला तुझी सगळी हकीकत सांगितली. (कुणाला सांगू नकोस म्हणालीस, पण ती घरचीच.) ऐकता ऐकता तिचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून म्हणाली, ‘आई, मावशींना कळवा. दारात येऊन किंवा फोनवरून जे विकलं जातं, ते मुदतीच्या आत परत करता येतं. लेखी कळवायचं, बस. कारण विचारलं तरी द्यायचं नाही.’ मग ताट उचलून आत गेली. दमते बिचारी. दिवसभर कानाला फोन. आजारी लोकांना उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची कंपनी आहे, तिथे ती फोनवर मदत करते. पण बघ, कायदा कसा पाठ आहे पोरीला!

तुझ्याबद्दल कुणाशी बोलते का, असं विचारतेस. अगं, तुझ्याशिवाय मी बोलते कशाबद्दल! लेक माझा सदा फिरतीवर. घरी असला तरी माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याला काहीतरी आठवतं. हे गेल्यापासून मी भिंतींशी बोलायची. सूनबाई आली आणि मला पुन्हा वाचा फुटली. संध्याकाळी ती कणीक मळते, मी कांदा चिरते, आणि ती म्हणते, ‘आई, मग मुंगीमावशीचं पुढे काय झालं?’ तू वसतिगृहाच्या जिन्यावरून घसरलीस तिथपासून सगळं तिला तोंडपाठ आहे. तुला न बघता ती तुला ओळखते. समाधान वाटलं ना?

तक्रार केलीस की कळव. भिऊ नकोस.

तुझी,
काडी

*

१५ मार्च

प्रिय काडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून ठेवलं आणि ग्राहक सल्ला केंद्रात गेले. दोन खोल्या, लाकडी बाकं, भिंतीला पोपडे. माझ्या आधी एक आजोबा गादी घेऊन आले होते. अख्खी गादी, खांद्यावर. तीही दारात विकली गेलेली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. दवाखान्यात विशिष्ट आजाराच्या रांगेत बसतात तसं.

तिथल्या वकीलबाई चांगल्या आहेत. सूनबाईनं सांगितलं ते त्यांनी खरं ठरवलं. वर आणखी म्हणाल्या, की परत करण्याचा हक्क आहे हे विकणाऱ्यानं लेखी द्यावंच लागतं. माझ्या कागदांत तो कागदच नाही, म्हणून माझी मुदत अजून संपलेली नाही. मी म्हटलं, ‘पण मी स्वखुशीनं सही केली हो. मला कुणी धमकावलं नाही.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच तर हा कायदा आहे, आजी. दुकानात माणूस आपण होऊन जातो, मन तयार करून जातो. घरात बसलेल्या माणसाचं मन तयार नसतं. त्याला नंतर विचार करायला वेळ द्यावा, एवढंच कायदा म्हणतो.’

मग त्यांनी विचारलं, ‘कंपनीला तुमची माहिती कुठून मिळाली? त्याचीही चौकशी मागता येते. मागायची का?’

मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते आता तुला सांगते. पहिल्या पत्रात मला ते लिहिता आलं नव्हतं.

त्या मुलीनं मला बटणाबद्दल आधी काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘मावशी, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. एकट्या राहतात. न्हाणीघरात पडल्या. नळ चालू राहिला, आणि त्या तशाच ओल्या फरशीवर पडून. शेजारणीनं पाण्याचा आवाज ऐकला म्हणून बरं. पण शेजारीण रोज थोडीच घरात असते? आणि त्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो घर विकायला लावील, ही भीती.’

तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले, काडी. मला वाटलं, जगात माझ्यासारखी आणखी एक आहे. तिची मला इतकी दया आली की माझीच आली. बूटवाले गृहस्थ यायच्या आधीच मी विकत घेऊन मोकळी झाले होते. ते आले ते सहीपुरते.

माझं पडणं, तो नळ, हे मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं. शेजारणीलासुद्धा मी सांगितलं होतं की पाय मुरगळला, नळ विसरले. मुलाचं आणि घराचं तर तिला ठाऊकच नाही.

तुझी सूनबाई कुठल्या कंपनीत आहे, ते मी विचारत नाही.

मुंगी

*

२२ मार्च

मावशी,

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझा आवाज ओळखाल. तुम्ही आईंना लिहिलेलं शेवटचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. टेबलावर ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. म्हणजे ‘दूध आलं का’ एवढं बोलतात.

फोन मीच केला होता.

आमच्या कंपनीत शिकवतात, की समोरच्या माणसाला त्याचीच गोष्ट सांगायची, पण दुसऱ्याची म्हणून. तुमची गोष्ट मी आधी अनोळखी बायकांना सांगत होते. नाव न घेता. ऐकून त्या विचारायच्या, ‘मग त्यांनी काय केलं?’ मी म्हणायचे, ‘त्यांनी बटण घेतलं.’ कितीजणींनी घेतलं ते मला सांगवत नाही. फेब्रुवारीत माझ्या नावावर एकही विक्री जमेना. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. त्या दिवशी मी तुम्हाला फोन लावला. तुमचा नंबर आईंच्या फोनशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला आहे, येता-जाता दिसतो. मी मनाची समजूत घातली, की निदान ह्या बाईंना बटणाची खरीच गरज आहे. तुम्ही लगेच ‘हो बाळ’ म्हणालात. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग पुढचा नंबर लावला.

मी आईंच्या गोष्टी विकायसाठी ऐकत नव्हते. सुरुवातीला तरी नाही. माझी आई फार बोलायची नाही. इथे संध्याकाळी कांदा चिरत कुणीतरी आपल्याशी बोलतंय, ह्याचं मला अप्रूप होतं. नंतर केव्हा तरी मी ऐकता ऐकता निवडायला लागले. केव्हापासून, ते मला खरंच सांगता येणार नाही.

नोकरी मी सोडलेली नाही. सोडली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. परत करण्याच्या हक्काची ओळ आम्ही पूर्वी भरभर वाचायचो किंवा वाचायचोच नाही. आता मी ती सावकाश वाचते, आणि मुदत केव्हा संपते ते पुन्हा सांगते. ह्या आठवड्यात तिघींनी फोनवरच नको म्हटलं. वरिष्ठ विचारत होते, इतकी सावकाश का वाचतेस, घशाला काय झालंय.

तुम्ही चौकशी मागितलीत तरी मी तक्रार करणार नाही. आईंना मात्र ह्यात धरू नका. त्यांनी मला काही दिलं नाही, त्या फक्त बोलत होत्या.

तुमची,
काडीची सून

*

२४ मार्च

प्रति व्यवस्थापक,

आपल्या प्रतिनिधीनं माझ्या घरी येऊन केलेला करार मी रद्द करत आहे. पेटी भिंतीवर आहे, बटण कागदात बांधून ठेवलं आहे; दोन्ही आपल्या खर्चानं घेऊन जावं. बँकेतून वळती केलेली वर्गणी परत करावी.

कारण देत नाही.

(सही)

*

२ एप्रिल

मुंगे,

हे माझं चौथं पत्र. आधीची तीन चुलीत गेली. एकात मी सूनबाईला शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्यात कंपनीला, तिसऱ्यात चक्क तुला, की तू मला पहिल्याच पत्रात सरळ का नाही विचारलंस. तिन्ही फार छान उतरली होती. सिस्टरांनी शाबासकी दिली असती.

मी त्या पोरीचं नाव शोधून काढ म्हणाले होते. आई-बाप काय शिकवतात म्हणाले होते. त्या रात्री जेवतानाही मी हेच मोठ्यानं म्हणाले, आणि ती माझ्याच समोर पाटावर बसून ते ऐकत होती.

सून म्हणते, मी फक्त बोलत होते. तसं नाही. तू मला नळाचं ते पत्र लिहिलंस तेव्हा शेवटी लिहिलं होतंस, ‘हे वाच आणि फाड.’ मी फाडलं. मग संध्याकाळी कांदा चिरायला बसले आणि सगळं सांगितलं. आणि नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. तू पडल्या पडल्या नळाला ‘बंद हो मेल्या’ म्हणालीस, हे मी माझ्या मनचं घातलं. तू उताण्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय हलवलेस, हेही मीच घातलं. मी उठून करूनसुद्धा दाखवलं. आम्ही दोघी खूप हसलो. सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला वाटलं, आजची संध्याकाळ कशी छान गेली.

तिनं तुझी भीती विकली, हे खरं. पण तिला निदान पगार मिळत होता. मी ती फुकट वाटली, कुणीतरी माझ्याकडे बघत ऐकतंय एवढ्यासाठी. तू तिथे ओल्या फरशीवर किती वेळ होतीस, तुला थंडी वाजली का, हे मी तुला त्या वेळी विचारलंसुद्धा नाही. उत्तरात मी तुला माझ्या गुडघ्याबद्दल लिहिलं होतं. आठवतं मला.

आता सुनेशी काय बोलावं ते कळत नाही. रागवायला तोंड नाही आणि जवळ घ्यायला मन होत नाही. ती कणीक मळते, मी कांदा चिरते. दोघी गप्प. काल ती म्हणाली, ‘आई, काहीतरी बोला ना.’ मला एक गोष्ट आठवत होती, तुझीच, शाळेतली, अगदी निरुपद्रवी. ती ओठावर आली आणि मी परत गिळली.

माफ कर असं लिहिणार होते. पण पत्रातून मागितलेली माफी तुला तुझ्या सोयीनं वाचता येते, आणि मला तुझं तोंड बघावं लागत नाही. ते काही बरोबर नाही.

काडी

*

२० एप्रिल, दुपार
(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

मुंगे,

मी दारात आहे. बेल एकदा दाबली. तू आत आहेस, रेडिओ चालू होता तो बंद झाला. दुसऱ्यांदा दाबायचा धीर होत नाही.

इथे येण्याआधी मी आमच्या गावच्या ग्राहक केंद्रात जाऊन आले. सुनेनं ज्या बायकांना तुझी गोष्ट सांगून विकलं, त्यांनी काय करावं ते विचारायला. जेवढ्या तिला आठवतात तेवढ्यांच्या दारात आम्ही दोघी जातो आहोत. काहीजणी आमच्या तोंडावर दार आपटतात. त्यांना वाटतं, आम्ही आणखी काही विकायला आलो. त्या केंद्रात एक नियम भिंतीवर लावला आहे. दारात येणाऱ्यानं आधी आपण कोण ते सांगावं, कशासाठी आलो ते सांगावं, आणि घरच्यानं जा म्हटलं तर निघून जावं.

तर, मी काडी. वसतिगृहात तुझ्या शेजारच्या पलंगावर झोपायची ती. तुझ्या तोंडाकडे बघून माफी मागायला आले आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही, पिशवीत सुद्धा काही नाही. खाऊ आणणार होते, पण हात रिकामाच बरा वाटला.

खाली रस्त्यापलीकडच्या बाकावर जरा बसते. दार उघडलं नाहीस तर माझी मी समजेन. संध्याकाळची बस आहे.

काडी

*

२१ एप्रिल

काडी,

चिठ्ठी मिळाली. मी आतच होते.

रेडिओ मी बंद केला आणि दाराच्या ह्या बाजूला उभी राहिले. तुझा श्वास ऐकू येत होता. दोन जिने चढून आलीस की तुला धाप लागते हे मला माहीत आहे. चिठ्ठी खालून सरकली ती वाकून घ्यायला मला भीती वाटली, म्हणून आधी खुर्ची ओढली. तो आवाज तुला ऐकू आला असेल.

चिठ्ठी वाचली. मग मी खिडकीत गेले आणि पडद्याआडून बघत राहिले. तू बाकाच्या टोकावर बसली होतीस, पिशवी मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. किती वाळलीस गं. काडी म्हणताना आम्ही थट्टा करायचो, आता म्हणवणार नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे. झुरळाचं वाचल्यापासून न्हाणीघरात गेले की मला मी दिसत नाही, ते झुरळ दिसतं. पण तुला हेही सांगायला हवं, की काल खिडकीत उभी असताना मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली. माझ्या गळ्यात बटण अडकवणाऱ्या परक्या माणसाला मी आत घेतलं, खुर्ची दिली, दोन कप चहा पाजला. आणि तुला जिन्यात उभं ठेवलं.

कंपनीची माणसं पेटी घेऊन गेली. भिंतीला चार भोकं राहिली आहेत. चिरंजीव आले तेव्हा विचारलंच, ‘आई, ही भोकं कसली?’ मी सांगून टाकलं. बटण, फोन, पडणं, नळ, सगळं. घर विकायचं तो काही बोलला नाही. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून गेला, आणि आता रोज सकाळी फोन करून विचारतो, ‘पडलीस का?’ मी म्हणते, ‘अजून नाही, वेळ आहे.’ म्हणजे ज्याची मला इतकी भीती होती ती गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. तुला ती आता कुणालाही सांगता येईल. झुरळ तेवढं वगळ.

सुनेला सांग, तिचं पत्र मी ठेवलं आहे. उत्तर द्यायला मला वेळ लागेल. आणि तिच्याशी बोल. बाईनं संध्याकाळी गप्प बसून कांदा चिरू नये, डोळ्यांतून पाणी येतं ते कशाचं हे समजत नाही.

मी चप्पल घातली, किल्ली घेतली, कठडा धरत धरत खाली आले. हल्ली मला वेळ लागतो. रस्ता ओलांडून बाकापाशी गेले तर तू नव्हतीस. बसला तर अजून बराच अवकाश होता. कोपऱ्यापर्यंत जाऊन बघितलं, तिथेही नाही.

जा म्हटलं तर जावं, असा नियम आहे म्हणतेस.

अगं, मी जा म्हटलं नव्हतं.

मुंगी